मोहोर माझी, मजकूर माझा नव्हे

श्रोतेहो, बिदरचे नाव निघाले की मराठी माणसाला दामाजीपंतांची आठवण होते. मंगळवेढ्यास दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून मरू लागली, तेव्हा दामाजीपंतांनी सरकारी कोठारे मोकळी करून धान्य वाटले. बिदरच्या बादशहाने त्यांना पकडून आणण्याची आज्ञा दिली. दामाजीपंत वाटेत असतानाच पांडुरंग विठू महाराच्या रूपाने दरबारात उभा राहिला आणि त्याने धान्याची सारी किंमत पै न पै चुकती केली. महिपतींच्या १७६२ सालच्या ‘भक्तविजया’त ही कथा आहे आणि कीर्तनांतून ती आजही ऐकावयास मिळते. कथा श्रद्धेची आहे. तिची ऐतिहासिक छाननी करण्याचा माझा हेतू नाही. मला तिच्यातील एका लहानशा तपशिलाचे नेहमी कौतुक वाटत आले आहे. पैसे भरून विठू तसाच निघून गेला नाही. त्याने पावती मागून घेतली आणि ती दामाजीपंतांच्या पोथीत नेऊन ठेवली. सरकारी खजिन्यात पैसे भरल्यावर पावती घ्यावी, असे प्रत्यक्ष देवालाही वाटले! ही कथा सांगणाऱ्या आणि ऐकणाऱ्या समाजाने हिशेबाचे किती चटके सोसले असतील, ते ह्या एका तपशिलावरून ओळखावे.

मी बिदर जिल्ह्यातील एका शाळेत इतिहास शिकवितो. गेल्या वर्षी माझ्या कार्डाच्या मासिक उताऱ्यात दोन अनोळखी बाबी निघाल्या. उलगडा होईपर्यंत मला बरीच यातायात करावी लागली आणि त्या यातायातीत आमच्या भागाचा जुना इतिहास मला नव्याने समजला. आज त्याविषयीच बोलावयाचे आहे.

प्रथम त्या दोन बाबी सांगतो. पहिली होती २,८९३ रुपये ७५ पैशांची. नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचे एक कडबोळे आणि त्यापुढे मुंबईचे नाव. त्या महिन्यात मी मुंबईस गेलो नव्हतो. दुसऱ्या बाबीत तीन रकमा होत्या. त्यांची बेरीज १,९४२ रुपये. त्यांच्यापुढे इंग्लंडमधील एका शहराचे नाव आणि वाहन उभे करण्याचे शुल्क असा अर्थ निघेल असा शब्द. माझ्याजवळ मोटार नाही. एक दुचाकी आहे, आणि ती आजवर कलबुर्गीच्या पलीकडे गेलेली नाही. ह्या तीन रकमांच्या खाली परकीय चलनाच्या रूपांतराबद्दल म्हणून आणखी ८० रुपये २० पैसे लावलेले होते.

मी उतारा घेऊन बसलो आणि सहज तोंडून शब्द गेले, “ही बाब कसली?” मग माझे मलाच हसू आले. ‘बाब’ हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ दार किंवा प्रकरण असा होतो. तो दख्खनच्या महसुली दप्तरांतून मराठीत आला. मुख्य साऱ्याखेरीज जी जी आकारणी होई, ती प्रत्येक एक ‘बाब’. तिच्याच घराण्यातील शब्द म्हणजे बाबती आणि पट्टी. आपण आज कोणत्याही गोष्टीला बाब म्हणतो. पण आपल्या पूर्वजांच्या कानी हा शब्द पडे, तेव्हा त्यांचा हात आधी कनवटीला जात असावा.

ही बाब कोणत्या भाषेत मांडली जाते, हा प्रश्नही जुनाच आहे. बहामनी राज्याचे दप्तर फारसी होते. पुढे त्या राज्याचे तुकडे होऊन विजापूरची आदिलशाही उभी राहिली. तिचा सुलतान पहिला इब्राहिम ह्याने १५३४ ते १५५८ असे राज्य केले. त्याने महसुलाचे हिशेब फारसीतून काढून देशी भाषेत ठेवविले, असे इतिहासकार फेरिश्ता लिहितो. ह्यामागे सुलतानाचा राजकीय हेतू असेल. पण ज्याच्याकडून पैसे घ्यावयाचे त्याच्या कानाला ओळखीची वाटेल अशा भाषेत हिशेब गेला, हे काही थोडे नव्हे. आज माझा उतारा इंग्रजीत येतो. आमच्या औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद ह्या तालुक्यांत घरी मराठी, बाजारात कन्नड, जुन्या कागदांत उर्दू आणि बँकेत इंग्रजी असा व्यवहार चालतो. चार भाषांतून फिरणाऱ्या माणसालाही हिशेबाचा एक शब्द अडतो, आणि शब्द अडला की विचारण्याचे धैर्यही अडते.

आता आकारणी कोणाची, हा प्रश्न. मार्च १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ ह्यांनी दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा मिळविल्या. खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बिदर, हैदराबाद आणि विजापूर हे ते सहा सुभे. म्हणजे आमचे बिदर त्यांत आलेच. महसुलाचा चौथा हिस्सा ही चौथाई आणि दहावा हिस्सा ही सरदेशमुखी. बदल्यात शाहू महाराजांनी ह्या मुलखात शांतता राखावयाची होती. आजच्या भाषेत बोलावयाचे तर ते सेवेचे शुल्कच होते. चौथाईची पुन्हा वाटणी होई: शंभरांतील २५ राजबाबती, ६ साहोत्रा, ३ नाडगौडा आणि उरलेले ६६ मोकासा. एका रकमेच्या पोटात चार नावे, आणि त्या नावांचे धनी वेगवेगळे. मोगल अंमलदार एकीकडून आणि मराठ्यांचा कमाविसदार दुसरीकडून येत असता, कोणाला काय आणि कशाबद्दल द्यावयाचे, हे खेड्यातील कुळाला कोण समजावून सांगणार?

ह्या आकारणीबद्दल पुढे हरकत घेतली गेली, पण ती कुळाने नव्हे, खुद्द निजामुल्मुल्काने. शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज ह्यांच्यात वाद होता. १७२७ मध्ये निजामाने वसुली थांबविली आणि सांगितले की, खरा हक्कदार कोण ते ठरेपर्यंत पैसा दिला जाणार नाही. दोन्ही पक्षांनी आपापला दावा आपल्यापुढे मांडावा. वरवर पाहता ही हरकत किती रास्त! दोघे मागतात, मग द्यावयाचे कोणास? परंतु निजाम कोणाला देणे लागतो, हे त्याला पक्के ठाऊक होते. हरकत हे त्याचे निमित्त होते. देणे टाळावे आणि मराठ्यांत फूट पाडावी हा हेतू होता. शेवटी २८ फेब्रुवारी १७२८ रोजी पालखेड येथे पहिल्या बाजीरावांनी त्याला कोंडीत पकडले, आणि ६ मार्च रोजी मुंगी-शेवगावच्या तहात त्याला शाहू महाराजांचा हक्क मान्य करावा लागला.

हा प्रसंग मी वर्गात दरवर्षी शिकवितो. पण माझ्या उताऱ्यातील पहिली बाब उलगडली, तेव्हा तो मला निराळ्याच अर्थाने आठवला. मी रागाच्या भरात बँकेस फोन करणार होतो. “मुंबईला मी गेलो नाही, हा व्यवहार माझा नाही,” असे सांगणार होतो. तेवढ्यात पत्नीने विचारले, “नाताळच्या सुटीत तुम्ही कलबुर्गीच्या घराची घरपट्टी भरली होती ना?” मी पावती शोधून काढली. पावती २,८६० रुपयांची. उताऱ्यातील रक्कम ३३ रुपये ७५ पैशांनी अधिक, तारीखही दोन दिवस पुढची. मग कागद-पेन्सिल घेऊन मांडले: २,८६० रुपयांवर शेकडा एक रुपया सुविधा शुल्क म्हणजे २८ रुपये ६० पैसे, त्यावर शेकडा १८ प्रमाणे वस्तू व सेवा कर म्हणजे ५ रुपये १५ पैसे. बेरीज बरोबर ३३ रुपये ७५ पैसे. बाब माझीच होती! पैसे भरताना पडद्यावर हे शुल्क दाखविले होते आणि मी न वाचता बोट टेकविले होते.

मग मुंबईचे नाव का? त्याचे उत्तर असे की, नगरसंस्था कार्डाचे पैसे बहुधा स्वतः हाताळीत नाही. मध्ये पैसे पोचविणारी एक कंपनी असते. उताऱ्यात त्या कंपनीचे नोंदणीचे नाव आणि तिच्या मुख्य कचेरीचे गाव येऊ शकते. पैसे कोणत्या गावासाठी भरले, ते येत नाही. शिवाय कार्डाच्या यंत्रणेतील ठरीव मांडणीत नावासाठी इंग्रजी पंचवीसेक अक्षरांचीच जागा असते, म्हणून लांब नाव तोडावे लागते आणि त्याचे कडबोळे होते. व्यवहार घडल्याची तारीख एक आणि खात्यावर चढल्याची दुसरी, असेही होते. मात्र ह्या अंधारात एक खूण उपयोगी पडते. कार्ड घेणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला आणि संस्थेला धंद्याच्या जातीप्रमाणे चार आकडी संकेत दिलेला असतो: करभरण्यास ९३११, वीज-पाण्यास ४९००, वाहनतळास ७५२३. उताऱ्यात तो बहुधा छापलेला नसतो; पण बँकेच्या माणसाला तो दिसतो आणि विचारल्यास तो सांगू शकतो.

तेव्हा पहिला धडा असा की, हरकत घेण्यापूर्वी आपली पावती पाहावी. घरातील माणसांना विचारावे. रक्कम थोडी अधिक असेल तर शुल्क आणि कर मांडून पाहावा. आपलेच देणे नाकारणे हा निजामाचा मार्ग झाला. त्याने आपले खरे गाऱ्हाणेही खोटे ठरण्याची भीती असते.

दुसरी बाब मात्र माझी नव्हती. तिच्याकडे वळण्यापूर्वी त्या ८० रुपये २० पैशांविषयी सांगितले पाहिजे, कारण आमच्या सीमाभागाला ह्या शुल्काची ओळख फार जुनी आहे. त्याचे आपले नाव बट्टा. निजामाच्या राज्यात हाली शिक्का चाले आणि पलीकडे सोलापुरास इंग्रजी कलदार. ठरीव भाव सात हाली रुपयांस सहा कलदारांचा, म्हणजे १०० कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. गुलबर्ग्याचा व्यापारी सोलापुरास माल घ्यावयास गेला की नाणे बदलावे लागे आणि ठरीव भावाखेरीज सराफ आपला बट्टा कापून घेई. मालावर करोडगिरीची नाकी होती. १८०२ च्या व्यापारी तहात कंपनी सरकार आणि निजाम ह्यांनी परस्परांच्या मालावरील जकात शेकडा पाच ठरविली होती. पुढे १८५३ मध्ये सालारजंग दिवाण झाले. महसूल मक्त्याने देण्याची जुनी रीत त्यांनी मोडीत काढली आणि १८६५ च्या जिल्हाबंदीने पगारी अधिकारी नेमून कारभाराला शिस्त लावली. ह्या सुधारणेचा सामान्य माणसाला झालेला मोठा लाभ असा की, पैसा कोणी घेतला, हे विचारण्यासाठी एक ठरलेली कचेरी निर्माण झाली. मक्तेदाराच्या दारात हिशेब विचारण्यात अर्थ नसे. कचेरीत निदान अर्ज तरी देता येई. पुढे हाली शिक्का गेला, करोडगिरी गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचा जिल्हाही वाटला गेला: उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले आणि बिदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. १९७९ मध्ये कर्नाटकाने शहरांच्या वेशीवरील जकातही उठविली. नाकी गेली, पण बट्टा गेला नाही. तो माझ्या उताऱ्यात इंग्रजी नावाने बसलेला होता.

आता त्या तीन रकमा. त्यांचा विचार करताना माझ्या डोळ्यांपुढे आला तो बिदरचा महमूद गवान. इराणातील गिलानचा हा व्यापारी बहामनी राज्याचा वजीर झाला. १४७२ मध्ये बांधून झालेला त्याचा मदरसा आजही बिदरच्या वस्तीत उभा आहे. त्याच्या दोन मिनारांपैकी एक शिल्लक आहे. मी दरवर्षी मुलांना तेथे नेतो. गवानाने जमिनी मोजवून सारा ठरविण्याचा प्रयत्न केला, मोठ्या सुभ्यांची विभागणी केली, सुभेदारांच्या हातचे किल्ले काढले. थोडक्यात, त्याने बड्या सरदारांच्या हिशेबात हात घातला. असा माणूस सरदारांना कसा खपणार?

पुढे जे घडले ते फेरिश्ताने सांगितले आहे. गवानाची मोहोर ज्या गुलामाच्या ताब्यात असे, त्याला त्याच्या वैऱ्यांनी दारू पाजली आणि एका कोऱ्या, घडी घातलेल्या कागदावर ती मोहोर उमटवून घेतली. मग त्या कागदावर ओरिसाच्या राजाला पत्र लिहिले की, राज्यावर चालून या. पत्र सुलतान तिसऱ्या मुहम्मदशहाच्या हाती पडेल अशी व्यवस्था झाली. सुलतान मद्याच्या अंमलाखाली होता. त्याने वृद्ध वजिराला बोलावून पत्र दाखविले. मोहोर माझी आहे, परंतु ह्या मजकुराची मला माहिती नाही, अशा आशयाचे उत्तर गवानाने दिले. चौकशी झाली नाही. मोहोर कोणाच्या ताब्यात होती, अक्षर कोणाचे, कागद कोणी आणला, हे कोणी विचारले नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी कोंडापल्लीच्या छावणीत त्याचा शिरच्छेद झाला. मागाहून त्याच्या खजिन्याची मोजदाद केली, तेव्हा त्यात संपत्ती अशी निघालीच नाही. सुलतान पस्तावला आणि वर्षभरातच मरण पावला. त्यानंतर बहामनी राज्य सावरले नाही. त्याच्या पाच शाह्या झाल्या.

श्रोतेहो, “मोहोर माझी, मजकूर माझा नव्हे,” हे वाक्य खरे असूनही माणसाचा जीव गेला, कारण ते ऐकून घेणारी व्यवस्था नव्हती. मोहोर ज्याची, मजकूरही त्याचाच, असे धरून चालणे सत्तेला नेहमी सोयीचे असते. माझा फोन बँकेत गेला, तेव्हा पलीकडील तरुणाचे पहिले वाक्य हेच होते. तो म्हणाला, “सर, कार्ड तुमच्याजवळच आहे ना? मग व्यवहार तुमचाच असणार. तुम्हीच कोणाला ओटीपी सांगितला असेल.” मी सांगितले, “ओटीपी मला आलाच नाही.” आपल्या देशात कार्डाच्या ऑनलाइन व्यवहाराला अशा दुसऱ्या खातरजमेची अट रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून घातली, पण माझ्या कार्डावरील ह्या परदेशी व्यवहारांत तशी खातरजमा मागितली गेली नव्हती. कार्डाचा क्रमांक कोठून तरी चोरीस गेला होता, म्हणजे माझी मोहोर कोऱ्या कागदावर उमटविली गेली होती.

हे गाऱ्हाणे जगात कोठे प्रथम ऐकले गेले? कार्डाचा पसारा अमेरिकेत वाढला, तसे गाऱ्हाणेही तेथेच वाढले. सप्टेंबर १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात बँक ऑफ अमेरिकाने कोणी मागितलेली नसताना सुमारे ६०,००० कार्डे टपालाने घरोघर पाठविली. पुढे इतर बँकांनीही तोच मार्ग धरला. कार्डे टपालातून चोरीस जाऊ लागली. ज्यांनी कार्ड पाहिलेही नाही, अशांना बिले जाऊ लागली. लोकांचा आरडाओरडा झाला तेव्हा १९७० मध्ये तेथील काँग्रेसने न मागता कार्ड पाठविण्यास बंदी केली आणि अनधिकृत वापराबद्दल ग्राहकावर ५० डॉलरांहून अधिक बोजा पडू नये असे ठरविले. १९७४ च्या कायद्याने बिलातील चुकीबद्दल ६० दिवसांच्या आत लेखी हरकत घेण्याचा हक्क आणि ती तपासण्याचे बँकेचे कर्तव्य, ही दोन्ही मान्य केली.

आपल्याकडे हा टप्पा उशिरा आला. ६ जुलै २०१७ रोजी रिझर्व्ह बँकेने अनधिकृत व्यवहारांविषयी एक परिपत्रक काढले. बँकेचा किंवा ग्राहकाचा दोष नसेल आणि सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाने कळविले, तर त्याच्यावर काहीही बोजा पडू नये, असे त्यात म्हटले. चार ते सात दिवसांत कळविल्यास त्याच्या बोजाला मर्यादा घातली. ग्राहकाने स्वतः आपला गुप्त संकेत दुसऱ्यास दिला असेल तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, कळविल्यानंतरचे बँकेचे. कळविल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करावी आणि ९० दिवसांत निकाल लावावा, असेही ठरविले. परंतु ह्या परिपत्रकातील माझ्या मते सर्वांत मोलाचे वाक्य निराळेच आहे. ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला गेला. मजकूर माझा नाही हे मी सिद्ध करावयाचे नाही. तो माझा आहे हे समोरच्याने सिद्ध करावयाचे. १४८१ मध्ये एवढेच एक वाक्य कोणी उच्चारले असते, तर दख्खनचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता.

पुढे २१ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत क्रेडिट कार्डाच्या बिलाबद्दल तक्रार आल्यास ३० दिवसांच्या आत स्पष्टीकरण आणि आवश्यक तेथे कागदोपत्री पुरावा द्यावा, असे सांगितले गेले. फसवणूक म्हणून हरकत घेतलेल्या रकमेवर निकाल लागेपर्यंत शुल्क लावू नये, असेही ठरले. ही कलमे वेळोवेळी बदलत असतात. म्हणून प्रत्येकाने आपल्या बँकेत चालू नियम विचारून घ्यावा. न बदलणारी गोष्ट एकच: विलंब हा ग्राहकाचा वैरी आहे.

आता मी काय केले ते सांगतो. त्याच फोनवर प्रथम कार्ड बंद करविले आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घेतला. मग त्याच दिवशी लेखी तक्रार पाठविली. तिच्यात तीनही रकमा, त्यांच्या तारखा, त्या दिवशी मी शाळेत हजर असल्याचा दाखला आणि माझ्या नावावर मोटार नसल्याचे निवेदन, एवढेच होते. रागाचा एक शब्दही नव्हता. मला कबूल केले पाहिजे की, व्यवहारांच्या सूचना माझ्या भ्रमणध्वनीवर आल्या होत्या. जाहिरातींच्या गर्दीत मी त्या वाचल्याच नव्हत्या. त्यामुळे तीन दिवसांची मुदत टळून गेली होती, आणि माझी बाजू तेवढी लंगडी झाली होती. सुदैवाने कार्डाच्या यंत्रणेत व्यापाऱ्याच्या बँकेकडून पुरावा मागविण्याची रीत आहे. त्या वाहनतळाच्या बाजूने पुरावा आला नाही आणि दोन महिन्यांनी १,९४२ रुपये परत जमा झाले.

आणि मौज पाहा: मुद्दल परत आले, बट्टा आला नाही! व्यवहारच माझा नव्हता, तर त्याचे चलन बदलण्याचे शुल्क माझे कसे? मी पुन्हा लिहिले. उत्तर आले की हा विषय निकालात निघाला आहे. मी तिसऱ्यांदा लिहिले आणि शेवटी एवढेच वाक्य जोडले की, ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागीन. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक लोकपाल योजनेत अशी दाद मागण्यास काही फी ठेवलेली नव्हती. आठवड्याच्या आत ८० रुपये २० पैसे आले. रक्कम क्षुल्लक, पण त्या दिवशी मी मुलांना गवानाचा धडा शिकविला तो निराळ्या आवाजात.

ऐंशी रुपयांसाठी एवढी खटपट कशाला, असे कोणी विचारील. त्याला मी आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका शिपाईमामांची गोष्ट सांगेन. माझी हकीकत ऐकून ते आपला खातेउतारा घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्या निवृत्तिवेतनातून कार्डामार्फत दरमहा १४९ रुपये जात होते, आणि ते अकरा महिने जात होते. कोणत्या तरी सेवेची वर्गणी होती. नातवाने खेळता खेळता ती चालू केली असावी. मी म्हटले, “मामा, अकरा महिने तुम्ही विचारले कसे नाही?” ते म्हणाले, “सर, सरकारची काही पट्टी असंल म्हणून गप बसलो. वरून लावल्यावर आपण काय इचारायचं?” श्रोतेहो, मोगल अंमलदारापासून करोडगिरीच्या नाक्यापर्यंतचा सारा इतिहास त्या एका वाक्यात बोलत होता. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला विचारण्याची सवय लागू दिली नाही, त्याला कायद्याने हक्क दिला तरी तो हक्क कागदावरच राहतो.

आम्ही दोघांनी मिळून ती वर्गणी बंद केली. मागचे पैसे मिळाले नाहीत. घरातीलच हात असल्यामुळे ती हरकत खरी ठरली नसती आणि मामांना मी तसे स्पष्ट सांगितले. त्यांनी ते समजून घेतले. मात्र आता दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते उतारा घेऊन शाळेच्या पायरीवर येऊन बसतात. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, आकडे येतात. आकड्यांवरून बोट फिरवीत ते खाली येतात आणि एखाद्या ओळीपाशी थांबून विचारतात, “सर, ही बाब कसली?”